सबनीसबाईंचं डावं दार

माझ्या बायकोची माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. कुणाच्याही नव्या घरी गेलो की मी यजमानांना नमस्कार करायच्या आधी त्यांच्या दाराच्या बिजागऱ्या बघतो. दार आत उघडतं की बाहेर, उघडल्यावर कुणाच्या अंगावर येतं, दोन्ही हातांत पिशव्या असतील तर कडी कोपराने निघेल का, हे सगळं बघून झालं की मग मी चपला काढतो. खरं तर मी स्वभावाने असा चौकस मुळीच नाही. बसल्या जागी सुखी असणाऱ्या माणसांपैकी मी एक. हा रोग मला फरीदाबादला लागला आणि तो मला सबनीसबाईंनी लावला.

नव्वदीची सुरुवात होती. देशाची दारं उघडली, असं रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात छापून यायचं. बाई तो पेपर टेबलावर टाकत म्हणायच्या, "उघडली ते कळलं. कुठल्या बाजूला उघडली ते एकही जण लिहीत नाही."

आमचा कारखाना दुधाच्या गाड्यांच्या आणि शाळेच्या बसच्या बॉडी बनवायचा. मालक बत्राजी. ते अमेरिकेत बहिणीकडे महिनाभर राहून आले आणि येताना एक वेड घेऊन आले. तिकडे लोक सुट्टीत आपल्या मोटारीच्या मागे चाकांवरचं एक छोटं घर जोडून निघतात. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आता हिंदुस्तानातही मोकळं वारं वाहतंय, आता आपले लोकही घर घेऊन फिरायला निघणार, असं बत्राजींचं ठाम मत झालं. त्या वेळी मध्यमवर्ग ज्या गाडीसाठी नंबर लावून बसला होता, ती गाडी चार माणसं घेऊन पूल चढताना धापा टाकायची. ती घर कसं ओढणार, हे त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. मी तर नुकताच पुण्याहून येऊन खरेदी विभागात चिकटलो होतो. मला पत्रा आणि स्क्रू आणायला सांगितले, मी आणले.

पहिला सांगाडा प्लायवूडचा उभा राहिला आणि एका सकाळी मला ड्रॉइंग विभागातून बोलावणं आलं. तिथे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, हातात खडू. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांना मी मराठी आहे याचा आनंद झाला असावा, पण तो त्यांनी दाखवला नाही. त्यांनी माझ्या एका हातात भाजीची पिशवी दिली, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली कळशी दिली आणि म्हणाल्या, "चढ."

मी चढलो. त्यांनी खडूने काढलेली दाराची रेघ पुसली, वीतभर पुढे काढली, प्लायवूड कापून घेतलं आणि परत म्हणाल्या, "चढ." जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी चढत-उतरत होतो. मला वाटलं, नवीन माणसाची फिरकी घेण्याची इथली ही पद्धत असेल. नंतर कळलं की बत्राजींच्या आईलासुद्धा त्यांनी असंच चढवलं होतं. त्या माउलीला गुडघेदुखी होती आणि बाईंना नेमके दुखरे गुडघेच हवे होते.

सगळा कारखाना त्यांना 'दरवाज़ेवाली मैडम' म्हणायचा. ट्रेलरचं छत, खिडक्या, पलंग हे बाकीचे लोक बघत. दार बाईंचं. त्या म्हणायच्या की घराला दार कुठेही ठेवा, माणूस सवय करून घेतो. पण हे घर हलतं. त्याचं दार चुकलं तर ते रोज नव्या जागी चुकतं. चाकाच्या वर दार घेतलं तर पायरी बसत नाही. अगदी पुढे घेतलं तर मोटारीला जोडणारा दांडा पायात येतो. पार मागे घेतलं तर, मोटार सोडवून ठेवलेली असताना, चढणाऱ्याच्या वजनाने अख्खं घर मागे कलंडतं. म्हणून दार डाव्या बाजूला, चाकाच्या जरासं पुढे. दारासमोर शेगडी, म्हणजे फोडणीचा धूर सरळ बाहेर जातो. आणि दारातून पलंग दिसता कामा नये.

"का हो बाई?" मी एकदा विचारलं.

"पोस्टमनला आपला पलंग दाखवायचं काय कारण?"

मागच्या भिंतीत दार घ्यावं असं कुणी सुचवलं की त्यांचा पारा चढायचा. मागचं दार सामानाला असतं, माणसं मागून चढतात ती फक्त पोलिसांच्या गाडीत, असं त्या ऐकवायच्या.

कारखान्यात मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. हे मी अलंकारिक लिहीत नाही. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डासमोरचं स्टूल आमच्यापैकी कुणीतरी चहाचे कप ठेवायला नेलं होतं आणि ते त्यांनी परत मागितलं नाही. चहा त्या चालत चालत प्यायच्या. त्यांचं निम्मं बोलणं दारात उभं राहून व्हायचं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्या बाहेर पडलेल्या असायच्या. उरलेलं वाक्य ऐकायचं तर त्यांच्यामागे जावं लागे. दर थोड्या दिवसांनी ऑफिसातली टेबलं इकडची तिकडे झालेली दिसायची. तक्रार केली तर म्हणायच्या, "कालपासून तोच खांब बघतोयस, कंटाळा नाही येत?" मला येत नव्हता. मला तो खांब आवडायचा.

आमच्या घरी माझ्या बायकोने हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा त्या बाकीच्या बायकांत न बसता दारातच उभ्या राहिल्या, दार चार वेळा उघडून मिटून पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, "सुतार डावखुरा होता का ग?" बायको अजून त्या प्रश्नावर खूश नाही.

या अस्वस्थपणाचं मूळ मला त्यांच्या घरी गेल्यावर उमगलं. त्यांचे यजमान मेजर सबनीस, मूळ साताऱ्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फरीदाबादच्या एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, फ्लॅट घेतला होता. लिफ्ट नव्हती. मेजरांना ती नकोच होती. मोठ्या प्रेमाने त्यांनी मला घर दाखवलं. पडद्यांचे दांडे भिंतीत सिमेंटने बसवलेले, नावाची पाटी संगमरवराची, देव्हारा भिंतीतच कोरलेला. नोकरीभर ज्या काळ्या ट्रंकांत संसार बांधून ते गावोगाव हिंडले, त्या सगळ्या त्यांनी एका रविवारी रद्दीवाल्याला देऊन टाकल्या होत्या.

"पाटणकर, हे माझं शेवटचं पोस्टिंग," ते म्हणाले. "आता या घरातून मी निघणार तो चौघांच्या खांद्यावर."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला सोडायला जिन्यातून खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी आयुष्यभर फिरले रे, पण ठिकाण एकदासुद्धा मी ठरवलं नाही. ऑर्डर यायची, आम्ही निघायचो. एकदा, फक्त एकदा, मला यांना घेऊन निघायचंय. कुठे थांबायचं ते मी सांगणार. पहिला ट्रेलर नीट चालू दे, मग बघतेच हे कसे येत नाहीत."

त्यांना त्या सगळ्या उद्योगातून हवं होतं ते एवढंच. बत्राजींना धंदा हवा होता, मला पगार हवा होता. बाईंना मेजरांना घेऊन एकदा बाहेर पडायचं होतं. आणि मेजर म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेला दांडा.

ट्रेलर नीट चालण्याच्या आधी एक प्रकरण झालं. बत्राजींच्या मेहुण्यांनी अमेरिकेहून दारांचं एक मोठं खोकं पाठवलं. चौकटीसकट तयार दारं, वर छोटी खिडकी, चकचकीत कुलूप. सगळा कारखाना खोक्याभोवती जमला. बाईंनी एक दार उभं करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथे कडेला थांबलं की फूटपाथ उजवीकडे येतो, म्हणून ट्रेलरचं दारही उजवीकडे असतं. ही सगळी दारं उजव्या बाजूची होती. आपल्याकडे तशी लावली तर माणूस घरातून उतरणार तो थेट ट्रकच्या पुढ्यात.

बत्राजी म्हणाले, "तो बाएँ लगा दो मैडम, दरवाज़ा दरवाज़ा है."

तिथेच मेख होती. तेच दार उचलून डावीकडे लावलं की त्याच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला जातात. बाईंनी सगळ्यांना कळावं म्हणून खडूने भिंतीवर काढून दाखवलं. गाडी धावते तेव्हा वारा पुढून येतो. बिजागऱ्या पुढे असतील आणि कडी निसटली, तर वाराच दार दाबून धरतो. बिजागऱ्या मागे असतील तर वारा फटीत शिरतो आणि दार फाडून उघडतो. आमचे जुने मिस्त्री सैनीजी यांनी डोकं खाजवून एक तोड काढली. दार उलटं लावायचं, खालचं वर. मग बिजागऱ्या आपोआप पुढे येतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "और खिड़की? कमर पे? कौन झाँकेगा उसमें, कुत्ता?" सैनीजी हसले.

बत्राजींना मात्र ती परदेशी दारं लावायचीच होती. कॉनॉट प्लेसमधली एक टूर कंपनी पाहुण्यांसाठी ट्रेलर घ्यायला तयार झाली होती आणि दारावरचं ते कुलूप बघूनच गिऱ्हाईक खूश होणार होतं. दार सरळच लावा, कडी मजबूत लावा, असा हुकूम सुटला. बाई म्हणाल्या, ठीक आहे. पण चाचणीला ट्रेलर निघेल तेव्हा मी आत असेन.

सकाळी आम्ही पानिपतच्या रस्त्याला लागलो. पुढे जीपमध्ये ड्रायव्हर, बत्राजी आणि मी. मागे ट्रेलर आणि त्यात बाई, एकट्या. थोडा वेळ सगळं छान चाललं. बत्राजी मला गोव्यापर्यंतचे बेत सांगत होते. मग समोरून एक ट्रक सुसाट गेला, ट्रेलर हादरला आणि मागे तोफ डागावी तसा आवाज झाला. वळून बघतो तर दार सताड उघडून बाहेरच्या भिंतीवर आपटलेलं, एका बिजागरीवर लोंबतंय, आणि आतली भांडी रस्त्यावर उड्या मारतायत. आम्ही जीप थांबवून धावलो. बाई त्या उघड्या भगदाडात दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या होत्या. केस सुटलेले, चेहरा पांढरा पडलेला. आवाज मात्र नेहमीचा होता.

"बत्राजी, वापसी में आप बैठिए."

बत्राजी बसले नाहीत. परदेशी दारं गोदामात गेली. सैनीजींनी बाईंच्या ड्रॉइंगवरून डाव्या हाताचं दार बनवलं, पुढे बिजागऱ्या, रुंद पायरी. इतकं गोड बंद व्हायचं ते दार, की मी उगाचच दोनदा उघडून मिटायचो. त्या दिवसापासून बाईंनी एक नियम केला, चाकं फिरत असताना ट्रेलरमध्ये माणूस बसता कामा नये.

टूर कंपनीचे साहेब आले, दार बघून वाहवा केली, संडासाबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि परत आले नाहीत. ट्रेलर कुणीच घेईना. लोकांना फिरायला घर नको होतं. त्यांना राहायला घर हवं होतं. आणि गंमत म्हणजे त्यातूनच आमचा धंदा चालू झाला. गुडगावकडे मोहरीच्या शेतांत टॉवर उभे राहणार होते आणि बिल्डर लोकांना शेतात टेबल-खुर्ची टाकून फ्लॅट बुक करून घ्यायला ऑफिसं हवी होती. आमचा ट्रेलर त्याला बरोबर लागू पडला. आज इथे बुकिंग, उद्या तिथे. जिथे तिथे आमचे पांढरे डबे दिसायला लागले.

बाईंना याचं काही कौतुक नव्हतं. रस्त्यावर धावायला बनवलेली वस्तू विटांवर टेकवून ठेवलेली बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पण एक हकिकत त्याही रंगवून सांगायच्या. एका बिल्डरने वास्तूवाले पंडितजी आणले. त्यांनी होकायंत्र काढून जाहीर केलं की दार पश्चिमेला आहे, इथे एकही फ्लॅट विकला जाणार नाही. भिंत फोडून दार पूर्वेला घ्या. बिल्डर घाबरा झाला, आमचा विक्रीचा माणूस त्याहून घाबरा झाला आणि बाईंना बोलावणं गेलं. बाईंनी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर मागवला, ट्रेलरला जोडला आणि अख्खं ऑफिस उलट्या तोंडाने फिरवून परत तिथेच उभं केलं. पंडितजींनी पुन्हा होकायंत्र पाहिलं. दार पूर्वेला होतं. "इसके पहिये हैं, पंडितजी," एवढंच त्या बोलल्या. पंडितजींनी दक्षिणा मात्र सोडली नाही.

पहिला ट्रेलर, तो डाव्या दाराचा, कारखान्याच्या आवारात किकराच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडाखाली धूळ खात पडला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा बत्राजींनी तो त्यांना देऊन टाकला. जागा मोकळी होईल हा त्यातला हिशेब होताच, पण त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं, हे मी पाहिलंय. बाईंनी तो ओढून नेऊन सोसायटीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर उभा केला. सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी यांना तो डोळ्यांसमोर नको होता. त्यांच्या नोटिसा येत राहिल्या. बाई त्या नोटिसांनी काचा पुसायच्या. रोज संध्याकाळी खाली उतरून टायरमधली हवा बघायच्या, दार उघडायच्या, मिटायच्या आणि वर यायच्या. मेजर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत. खाली उतरून ते एकदाही ट्रेलरमध्ये चढले नाहीत.

"त्यात पाय ठेवला की ही बाई मला पळवून नेईल," ते मला म्हणायचे.

मग मेजरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं अडखळायला लागलं, पण डोकं शाबूत होतं. इस्पितळातून त्यांना स्ट्रेचरवर वर नेलं आणि त्यानंतर ते शेवटचं पोस्टिंग खरोखरच शेवटचं झालं. पलंग, चाकाची खुर्ची, गॅलरी, परत पलंग. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. बसणं हे एकच काम मला चांगलं जमतं. बाई त्यांना उभ्यानेच भरवायच्या, उभ्यानेच पेपर वाचून दाखवायच्या. घरातली टेबलं-कपाटं हलवणं त्यांनी बंद केलं होतं, कारण खुर्चीला वाट लागायची. मला ते बघवायचं नाही. मेजरांचं दुखणं दिसत होतं. बाईंचं दिसत नव्हतं, पण घरात नुसतं जाणवायचं.

एका दुपारी बाई पपई चिरत उभ्या होत्या. मेजर बराच वेळ घराच्या बंद दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "मंदा, तुझी ती गाडी चालते का ग अजून?"

बाईंची सुरी थांबली नाही. "टायर बदलावे लागतील," त्या म्हणाल्या. बशी त्यांच्यासमोर ठेवून त्या गॅलरीत गेल्या आणि खूप वेळ आत आल्या नाहीत.

मेजर माझ्याकडे वळले. "पाटणकर, उठून जाता येत असेल ना, तरच एका जागी बसण्यात मजा आहे. हे मला आत्ता कळलं."

दुसऱ्याच दिवशी बाई टेप घेऊन ट्रेलरपाशी. आणि तिथे त्यांना जे कळलं ते त्यांना मनातून आधीच ठाऊक असणार. त्यांचं ते लाडकं डावं दार अरुंद होतं. खुर्ची कशीबशी आत शिरली तरी समोर शेगडी, वळायला जागा नाही. दुखऱ्या गुडघ्यांचा त्यांनी विचार केला होता, न चालणाऱ्या पायांचा केला नव्हता. खुर्ची सरळ आत जाईल अशी वाट एकच होती, मागची भिंत फोडून. तिथून पलंगापर्यंत मधली मोकळी जागा सरळ जात होती. आणि मागे रुंद भोक पाडायचं तर डावीकडचं बुजवणं भाग होतं, नाहीतर रस्त्यावर अख्खा डबा पिळवटला असता.

हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाज कोरडा होता. मग म्हणाल्या, "गोदामातली ती अमेरिकन दारं आहेत का रे अजून?"

होती. कारखाना तोवर बत्राजींच्या मुलाकडे गेला होता आणि तो सगळंच भंगारात काढत होता. मी दोन दारं सोडवून आणली. पण दोन्ही एकाच हाताची. जोडीने लावायची तर एकाच्या बिजागऱ्या उजवीकडे हव्यात, दुसऱ्याच्या डावीकडे. मी हे काळजीच्या सुरात बोलून दाखवलं, तर बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. सैनीजींनाही त्यांनी घरून बोलावून आणलं होतं.

"सैनीजी, आपका वो उल्टा दरवाज़ा याद है?"

सैनीजींना याद होतं. एक दार सरळ लावलं, दुसरं उलटं, खालचं वर. बिजागऱ्या दोन टोकांना गेल्या आणि दोन्ही पानं मधोमध येऊन मिटली. उलट्या दारातून पाणी आत येईल म्हणून सैनीजींनी वरून रबराची पट्टी मारली. खाली लाकडी उतार बसवला. आता एका पानाची खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर होती आणि दुसऱ्याची बसलेल्या माणसाच्या. बाई खुर्चीइतक्या उंचीवर वाकून त्या खालच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून डाव्या दारापाशी गेल्या. ते एकदा उघडलं, एकदा मिटलं आणि सैनीजींना म्हणाल्या, आता ठोका. रिवेट मारून होईपर्यंत त्या तिथे थांबल्या नाहीत. सोसायटीला चकरा मारत होत्या.

निघायचा दिवस थंडीतला होता, ऊन पडलेलं. मेजरांना तीन मजले खाली आणायचं होतं. खुर्चीच्या चार कोपऱ्यांना आम्ही चौघं लागलो. मी, सैनीजी, सोसायटीचा चौकीदार आणि चौथे, कुणी न बोलावता अंगातला स्वेटर काढून आलेले भाटियाजी. जिना अरुंद होता. पहिल्याच वळणावर खुर्ची खांद्यावर घ्यावी लागली. मेजर वरून म्हणाले, "बघ पाटणकर, म्हटलं होतं ना, या घरातून चौघांच्या खांद्यावर निघणार. फक्त बसून निघालोय." मला हसू आवरेना आणि खुर्चीचा माझा कोपरा खाली झुकायला लागला. खालच्या पायरीवरून बाई ओरडल्या, हसायचं ते खाली आल्यावर.

नियमाप्रमाणे मेजरांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. बाईंनी स्टिअरिंग धरलं; चाकं फिरत असतानाचं बसणं मी बसण्यात धरत नाही. ती जीप त्यांनी कारखान्याच्या भंगारातून उचलली होती. आम्ही नवराबायको आमच्या गाडीतून त्यांच्या मागोमाग पानिपतच्या रस्त्याला लागलो. कुठे थांबणार, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, थांबेन तेव्हा कळेल. वाटेत चांगले मोठे ढाबे लागले, तिथे त्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या एका कालव्याच्या कडेला, शिसवीच्या झाडांखाली. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मागची दारं उघडली, उतार लावला, खुर्ची वर चढवली. मेजर आपल्या घराच्या दारात बसले, समोर मागे पडलेला रस्ता. बायकोने आणलेले पराठे आम्ही खाल्ले. बाई उभ्याने खात होत्या, टायर बघत होत्या, जोडणीचा दांडा बघत होत्या, कालव्यापर्यंत जाऊन येत होत्या. मेजर शांतपणे चहा पीत होते आणि मधूनच म्हणत होते, "छान जागा निवडलीस हं, मंदा."

उन्हं कलायच्या आत आम्ही नवराबायको परतायला निघालो, त्या दोघांचा मुक्काम तिथेच होता. वारा सुटला होता, धूळ उडायला लागली होती, म्हणून बाईंनी आतून दारं ओढून घेतली. पुढे त्या कुठे कुठे हिंडल्या, ते मला कधी नीट कळलं नाही. त्यानंतर लवकरच आम्ही पुण्याला परतलो आणि बाईंची पत्रं यायची ती दर वेळी वेगळ्या गावाहून, दोन ओळींची, पत्त्याशिवाय.

त्या दिवशी निघताना मी गाडी वळवून दिल्लीच्या बाजूला लावली आणि बायको म्हणाली, "थांब जरा, बघ." ट्रेलरची पाठ आमच्याकडे होती. दोन मिटलेली दारं, दोन खिडक्या, एक वर, एक खाली. वरच्या खिडकीत बाईंचा चेहरा होता, खालच्या खिडकीत मेजरांचा. आम्ही हात हलवला. मेजरांनी डावा हात हलवला. बाईंनी नाही हलवला, त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या, वाकून खाली बघत होत्या. मग वरची खिडकी रिकामी झाली. मला वाटलं, चालल्या पुन्हा कुठेतरी, शेगडीकडे नाहीतर टायर बघायला. मी गाडी गिअरमध्ये टाकली. तेवढ्यात खालच्या खिडकीत, मेजरांच्या चेहऱ्याला लागून, दुसरा चेहरा आला. बाई बसल्या होत्या.